झिलमिलीपलीकडचं बोलणं

१

लग्नानंतर मला सगळ्यात आधी एक गोष्ट समजली. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या घरात नवराबायकोला बोलायला जागाच नव्हती. एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. खोलीत मी आणि सासूबाई झोपायचो, ओट्यावर योगराज. मधलं दार उघडं, कारण ते लावलं तर पंख्याचं वारं ओट्यापर्यंत पोचत नसे. त्या उघड्या दारातून नवं लग्न झालेली दोन माणसं काय बोलणार? "पाणी हवं का?" "नको." झालं.

त्यात आम्ही दोघंही अबोल. मी वसमतची. पाहुणे आले की आई म्हणायची, "मुकी नाही हो ती, विचार करून बोलते." माझा विचार होईपर्यंत पाहुणे उठून जायचे. योगराजचं घर अमळनेरकडचं. मला बघायला आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, "सुरतला उकडतं फार. चालेल?" मी म्हटलं, "चालेल." तेवढ्यावर आमचं लग्न ठरलं.

आमची अडचण सासूबाईंना, म्हणजे उषाबाईंना, दिसत होती. पण सासूने अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, म्हणून त्यांनी डब्याची युक्ती काढली. योगराज बन्सीलाल शेठकडे कामाला होता. जुन्या इमारती पाडायच्या आधी त्यांची दारं, खिडक्या, खांब शाबूत काढून विकायचे, हा शेठचा धंदा. आषाढात शेठने वाडीचं काम घेतलं आणि उषाबाई म्हणाल्या, "सकायनं जेवण दुपारलोंग आंबी जास. जाय पोरी, डबा तू दी ये. घाई करू नको. रिक्षाले उशीर व्हसच."

इतकी वर्षं त्या सकाळचाच डबा देत आल्या होत्या आणि तो कधी आंबला नव्हता. डबा उचलला आणि निघाले.

२

डिंडोली संपून खाडीचा पूल ओलांडला की उसाची शेतं लागतात. तिथे रिक्षा सोडायची आणि आत चालत जायचं. लोक त्या जागेला नुसतं 'वाडी' म्हणायचे. होता मात्र तो राजवाड्यासारखा बंगला. कुण्या शेठने कधी बांधला, का सोडला, ते मला माहीत नाही. विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगायचा, म्हणून मी विचारायचं सोडून दिलं.

फाटकाला खांब होते, फाटक नव्हतं. आत कारंजं होतं, त्यात शेवाळलेलं पाणी आणि पाण्यात कुणाची तरी चप्पल. दिवाणखान्याच्या छताला रंगीत काचा होत्या. निम्म्या फुटलेल्या, त्यामुळे जमिनीवर लाल-हिरव्या उजेडाचे तुकडे पडायचे आणि मधूनच पावसाचे थेंब. जिन्याच्या कठड्यावर पिंपळ उगवला होता. भिंतीवर जिथे मोठे आरसे होते तिथे आता फिकट चौकोन उरले होते. त्यांच्यासमोरून जातानाही मी पदर सारखा करायचे. सवय.

बंगल्याला दोन्ही अंगांना लांब व्हरांडे होते, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. दोन्हीकडे उंचच उंच दारांची रांग. दारांना काच नाही, आडव्या लाकडी पट्ट्या, झिलमिलीच्या. त्यातून वारा येतो, उजेडाच्या रेघा येतात, पण आतलं माणूस दिसत नाही. पावसाने सागवान फुगलं होतं. दारं घाईने काढली तर चिरतात, म्हणून योगराज आतून एकेक बिजागरी मोकळी करत होता. बाकीचे मजूर जेवायच्या सुट्टीत पुढल्या पोर्चमध्ये आडवे व्हायचे.

पहिल्या दिवशी मी पश्चिमेच्या व्हरांड्यात शिरले, कुणी दिसेना. एका उपड्या खोक्यावर बसले. तेवढ्यात समोरच्या दाराआडून आवाज आला.

"आलीस?"

"हो."

"बस. ऊन लागलं असेल."

ऊन नव्हतं, आभाळ होतं. पण नवऱ्याने पहिल्यांदाच आपणहून विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं, "लागलं थोडं."

"थोडं आत दे ना. हात चुन्याने भरलेत, बाहेर कुठे येऊ." खालच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या. त्या फटीतून हात आला, मनगटापर्यंत पांढरा. मी त्यावर भाकरी आणि ठेचा ठेवला. हात आत गेला. खाताना तो बोलत राहिला. दारं, कबुतरं, शेठ कसा सारखा "धीमे भाई, धीमे" म्हणतो ते. शेठची नक्कल इतकी छान केली की मी तोंडाला पदर लावून हसले.

मग आत शांत झालं. थोड्या वेळाने योगराज मागच्या बाजूने, बागेकडून आला. हात धुतलेले, ओले.

"वाढतेस ना?" म्हणाला.

मी उरलेल्या भाकऱ्या वाढल्या. त्याने त्याही खाल्ल्या, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. मी म्हटलं, कामाच्या माणसाची भूक.

३

मग हे रोजचंच झालं. खोक्यावर मी, दाराआड तो. समोरासमोर आला की गप्प. मला त्यात नवल वाटलं नाही. मीही फोनवर बरी बोलते, समोर माणूस आलं की जीभ टाळ्याला चिकटते. काही माणसांना बोलायला आडोसा लागतो, एवढंच. उषाबाईंच्या हुशारीचं मला कौतुक वाटायचं. वाडीत मला नवरा मिळाला होता.

त्याने मला त्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. सुकदेव त्यांचं नाव. ते सुरतेत लूमवर होते, घर गावाकडे. वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी यायचे. योगराज लहान होता, घरात एकटाच. दारात एक माणूस आला, हातात पिशवी, केसांत कापसाचे तंतू. योगराज कणगीमागे लपला आणि तिथूनच ओरडला, "बाबा घरी नाहीत! सुरतला गेलेत! नंतर या!"

"मग?" मी विचारलं.

"मग तो माणूस म्हणाला, 'बरं. मग मी बसतो ओट्यावर, ते येईपर्यंत.' आणि खरंच बसले. आई वावरातून येईपर्यंत बसून राहिले. मध्येच मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, 'तुझे बाबा नशीबवान आहेत रे.' ओळख दिली नाही. मला वाईट वाटेल म्हणून."

उजेडाच्या रेघा माझ्या मांडीवर हलत होत्या. छातीत लूमची धूळ साचून वडील पुढे लवकरच गेले, हे मला माहीत होतं. त्या दुपारी मला वाटलं, मी ह्याच्यावर प्रेम करते. हा शब्द मी कधी तोंडाने उच्चारला नसता, पण वाटलं ते वाटलं.

मीही बोलले. वसमतचं, घरचं, लहानपणचं. काय काय बोलले ते इथे लिहायला हवं, पण ते नंतर येईल. आत्ता एवढंच की तो फार छान ऐकायचा. मध्येच "मग?" म्हणायचा, अगदी योग्य जागी.

कधी कधी मी गप्प झाले की घराच्या पलीकडच्या अंगाने, पूर्वेच्या व्हरांड्याकडून, कुणी बोलल्यासारखं वाटायचं. बाईचा आवाज, एखादं हसू. मी म्हणायचे, शेतात निंदणीला बाया आल्या असतील.

४

एका रविवारी योगराज घरी होता. उषाबाई लसूण सोलत होत्या. बाहेर कुणाचा तरी बाप गावाहून आला आणि त्याची पोर रडायला लागली. उषाबाई हसल्या.

"योगू, तुले आठवस का? तुना बाप उना तवय तू दपी गयता."

योगराजने मान वर केली. "कुठे?"

"अरे, कणगीमांगे! तूच त सांगस दर आखाजीले."

"नाही आठवत," तो म्हणाला. लाजून नाही, चिडून नाही. कुणी आपल्याला दुसऱ्याच गावचा रस्ता विचारावा आणि आपण खरंच माहीत नाही म्हणावं, तसं.

उषाबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. मी पटकन म्हटलं, "अहो, परवा मला सांगितलंत ना. पाणी नेऊन दिलं ते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी? कधी?"

आईसमोर बायकोशी झालेलं बोलणं निघालं म्हणून संकोचला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण संकोचलेलं माणूस कुठेतरी बघतं, भिंतीकडे, नखांकडे. हा माझ्याकडेच बघत होता, आणि आठवायचा खराखुरा प्रयत्न करत होता. भिंतीवर सुकदेवांचा हार घातलेला फोटो होता. तो उठला, फोटोजवळ गेला, जरा वेळ उभा राहिला आणि परत येऊन बसला.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. त्याच्या गावची नदी कोणती, हे त्याला मध्येच सुचेना. वासराला त्याने ठेवलेलं नाव मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. जे जे मला दाराआडून कळलं होतं, तेवढंच बरोबर त्याच्यातून गेलं होतं. हे मी जुळवलं, मग मोडलं. उन्हातान्हात काम करतो, झोप नाही, डोकं जड होत असेल. माझी बुद्धी फार कामसू आहे. प्रत्येक भोकाला ती ठिगळ लावत होती.

आणि तरी मी दुपारी जायचे. खोक्यावर बसायचे आणि म्हणायचे, "मग?"

५

श्रावणात कानबाई आली. खानदेशातल्या लोकांची ही देवी. सुरतेत तिच्या दिवशी डिंडोली, लिंबायत रात्रभर जागतात. मी मराठवाड्याची, मला सगळंच नवं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य दळायचं आणि त्याचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, करायच्या. आमच्या घरात पुरुष एकच. दळताना उषाबाई म्हणाल्या, "हाऊ रोट घरनाच माणूस खास. बाहेरनाले देत नही. जो खास तो घरना व्हई जास."

"चुकून बाहेरच्याला दिला आणि त्याने खाल्ला तर?"

"देवानाच नही ना पण," त्या म्हणाल्या. द्यायचाच नाही, विषय संपला.

विसर्जनाच्या गर्दीत योगराजचा शेवटचा रोट खायचा राहिला. दुसऱ्या दिवशी तो अंघोळीआधीच कामाला पळाला. उषाबाई शेजारी गेल्या होत्या. मी विचार केला, रोट राहता कामा नये आणि नवऱ्यापेक्षा घरचं माणूस कोण? पुसलेल्या डब्यात रोट ठेवला आणि निघाले. एवढी माझी चूक.

वाडीत त्या दिवशी मजूर नव्हते. पोर्च रिकामा. पण दाराआडून आवाज आला, "आलीस?" आणि मला हायसं वाटलं.

"आज काय आणलंय माहितीय?" मी म्हटलं.

"काय?"

"रोट. तुमचा राहिलेला."

आत क्षणभर काहीच हललं नाही. कबुतरंसुद्धा. मग तो अगदी हळू म्हणाला, "मला?"

"मग कुणाला?"

"हात घाण आहेत. तूच भरव."

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी गुडघ्यावर बसले, तुटलेल्या पट्ट्यांतून हात आत घातला आणि घास भरवला. त्याचे ओठ माझ्या बोटांना लागले. गार होते. पावसाळी हवा, मी म्हटलं. तो एकेक घास सावकाश खात होता आणि रडत होता, असं मला वाटलं. सगळा रोट संपला तेव्हा त्याने माझी बोटं क्षणभर धरली. लग्नानंतर इतक्या मायेने मला कुणी धरलं नव्हतं. हे मी आजही नाकारणार नाही.

त्या दिवशी योगराज बागेकडून हात धुऊन आला नाही. मी थोडी थांबले आणि घरी गेले.

घरी फडताळावर माझा फोन चार्जिंगला होता, सकाळी मी तो तिथेच विसरले होते. त्यात सकाळीच आलेला मेसेज: 'शेठच्या टेम्पोत दारं भरून पर्वत पाटियाच्या गोदामात आलोय. दिवसभर इथेच. डबा आणू नको.'

मी तो मेसेज वाचला आणि पुन्हा वाचला. हात मोरीत नेऊन धुतले. बोटं धुवावीशी वाटत नव्हती, आणि तरी धुतली.

संध्याकाळी योगराज आला, पाय धुतले, पाटावर बसला. "माय, मन्हा रोट कोठे शे?"

उषाबाईंनी टोपली उघडली. रिकामी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनी खादा?"

"मी," मी म्हटलं. "भूक लागली होती."

योगराज हसला. "खाऊ दे की. घरचीच आहे." उषाबाई मात्र हसल्या नाहीत.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने मला हळूच विचारलं, आई मोरीत आहे हे बघून. "मयुरी, आपल्या लग्नात पाऊस होता का गं?"

आमचं लग्न वैशाखातलं. मांडवाखाली लोक पत्रिकेने वारा घेत होते. वडील गेले, नदी गेली, आता लग्न. उद्या हा चहाचा कप घेईल आणि विचारील, ही बाई कोण?

"आज जाऊ नका," मी म्हटलं.

"शेवटचीच दारं राहिलीत. आणि..." तो लाजला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तू येतेसच की सकाळी."

"सकाळी?"

पण उषाबाई बाहेर आल्या आणि तो निघून गेला.

मी सकाळी कधीच गेले नव्हते. सकाळी मी भाकरी थापत असते.

त्या दिवशी मी पिठाचे हात तसेच पुसून निघाले. डबा घेतला नाही. फाटकातून गेले नाही, शेताच्या बांधावरून मागच्या अंगाने शिरले. तिथे वेड्या बाभळी माजल्या होत्या. चपलेतून काटा आरपार तळव्यात गेला. मी चपला काढून तशीच लंगडत गेले. समोर पूर्वेचा व्हरांडा होता. मी तिथे आजवर आले नव्हते.

योगराज जमिनीवर बसला होता, बंद दाराला पाठ टेकून. हत्यारं बाजूला पडली होती. तो हसत होता. गळ्यापासून, डोळे मिटून, माझ्यासमोर कधी हसला नाही तसा.

"मग?" तो म्हणाला. "मग तुझ्या बाबांनी काय केलं, मयुरी?"

दाराआडून बाई बोलत होती. आवाज माझा होता. फोनमधल्या रेकॉर्डिंगवर आपला आवाज परका वाटतो तसा नव्हे. मला आतून ऐकू येतो, तो आवाज.

"मग काय," ती म्हणाली, "हळदीला पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, आणि मी त्याच्या तोंडाशी जाऊन उभी. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी! अख्खी गल्ली जमली. 'हिला हळद लागली, हिचं लग्न लावा.' मी भोकाड पसरलं, मला लग्न नाही करायचं, मला इथंच राहायचं. तर बाबांनी काय करावं? स्वतःही ड्रमपाशी जाऊन उभे राहिले. पिवळेधमक होऊन आले आणि म्हणाले, 'बघ, मलापण हळद लागली. आता आपण दोघंही कुठं जायचं नाही.'"

किती सुंदर गोष्ट होती. मी खांबाला धरून ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या ध्यानात आलं की ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी माझ्या आठवणीत हात घालून शोधलं. वसमत, अंगण, बाबा. बाबांचा चेहरा होता. पिवळा नव्हता.

खालच्या पट्ट्या इथेही तुटलेल्या होत्या. त्यातून बोलता बोलता एक हात बाहेर आला आणि योगराजच्या खांद्यावर अलगद टेकला. हिरव्या बांगड्या होत्या. कोपरापर्यंत हात हळदीने पिवळा होता.

"अहो," मी म्हटलं.

योगराजने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कोण खरं, हे ठरवायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि त्याचं मन कुठे झुकतंय हे मला दिसत होतं. इतके दिवस त्याच्याशी बोलली ती दाराआडची. हसली ती. मी तर समोर बसून भाकऱ्या वाढणारी मुकी.

मला सांगायला काही आठवेना. चांगलं होतं ते सगळं मी पलीकडच्या दाराला देऊन बसले होते. मग माझ्या तोंडून निघालं, "माझ्या पायात काटा गेलाय."

आतून माझाच आवाज आला, लाडाने, दुखऱ्या स्वरात. "अहो, माझ्याही पायात काटा आहे ना."

योगराज उठून उभा राहिला. एक हात दाराच्या कडीवर गेला. आणि त्याच वेळी घराच्या पलीकडून, पश्चिमेच्या व्हरांड्याकडून, दिवाणखान्याच्या रिकाम्या चौकोनांना ओलांडत हाक आली.

"मयुरी. आलीस? ये ना. ऊन लागलं असेल."

खोटं कशाला बोलू, माझं पाऊल तिकडे वळलं. त्या आवाजाने मला कणगीमागचं पोर दिलं होतं, ओट्यावर वाट बघणारा बाप दिला होता. समोरच्या माणसाने मला काय दिलं होतं? "सुरतला उकडतं फार."

मी पाऊल टाकलं तसा काटा आणखी आत रुतला आणि मी कळवळून खाली बसले. फरशीवर माझ्या तळव्याचा लाल ठसा उमटला.

योगराजने तो पाहिला. कडीवरचा हात खाली आला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, माझं पाऊल मांडीवर घेतलं, चाचपलं आणि दातांनी काटा धरून उपटला. मी ओरडले. "झालं, झालं," तो म्हणाला. त्याचे हात कढत होते, खरखरीत. भर दिवसा त्याने मला हात लावला तो हा पहिल्यांदा.

"मला तुमच्याशी बोलता येत नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते. तुम्हाला मी आवडत नाही असं वाटतं. हे मी कुणालाच सांगितलं नाहीय. दारालासुद्धा नाही."

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "रोज."

त्याने मला उठवलं. आम्ही बांधावरून निघालो. हत्यारं तिथेच राहिली.

मागे आधी शांत होतं. मग पूर्वेकडून ती म्हणाली, "आलात?" आणि पश्चिमेकडून तो म्हणाला, "आलो." दारं एकेक उघडल्याचा आवाज आला, आतून, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. मग दोघं बोलू लागले. काय ते कळत नव्हतं. नवं लग्न झालेल्या, घरात पहिल्यांदा एकटं सापडलेल्या माणसांसारखं, खूप, भराभर, एकमेकांचे शब्द तोडत. ती हसली. मी वळून पाहिलं नाही. योगराजने पाहिलं की नाही, मी विचारलं नाही.

७

बन्सीलाल शेठने दुसरी माणसं लावून काम संपवलं आणि वाडी पडली. योगराजने शेठचं काम सोडलं, आता तो लिंबायतमध्ये एका सुताराकडे जातो. नवीन दारं बनवतात तिथे, प्लायवूडची, सपाट.

रिक्षात बसल्यावर त्या दिवशी त्याने मला सांगितलं. त्याला वाटायचं मी सकाळीच येते, मजुरांच्या नजरेला नको म्हणून दुपारपर्यंत आत बसते, बोलते, आणि मग पुढून डबा घेऊन आल्यासारखं करते. म्हणून दुपारी तो गप्प असायचा. बोलून झालेलं असायचं.

आता आम्ही बोलतो. ओट्यावर, भाजी निवडताना, दार उघडं असताना. माझ्याकडे त्याचं लहानपण आहे, त्याच्याकडे माझं. मी त्याला सांगते, बाबा ओट्यावर कसे बसून राहिले, काय म्हणाले. तो मन लावून ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "भला माणूस होता." तो मला ड्रमपाशी उभ्या राहिलेल्या पिवळ्या पोरीची गोष्ट सांगतो. मला ती पोर फार आवडते. तिच्या बापाचा मला हेवा वाटतो. पुन्हा सांगा, मी म्हणते, आणि तो सांगतो. शेठची नक्कलही करतो आता. छान करतो.

परवा दुपारी आम्ही असेच हसत होतो. उषाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. त्या कितीतरी वेळ आमच्याकडे बघत होत्या, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. पोराला ताप आहे का हे आई लांबूनच बघते, तसं.

"काय झालं, आई?" योगराजने विचारलं.

"काही नही." त्यांनी एक काडी मोडली, दुसरी मोडली. तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा त्या माझ्याकडे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, तठून आले तवय... बठं आलं ना?"

मला कळलं नाही असं वाटून त्यांनी ते माझ्या मराठीत पुन्हा विचारलं. "तिथून आलात तेव्हा सगळं आलं ना तुमचं? काही मागे राहिलं नाही ना?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत योगराज माठावर ग्लास ठेवत काहीतरी गुणगुणत होता. मी आठवून पाहिलं: बांध, बाभळी, रिक्षा, त्याचा कढत हात. त्याच्या आधीचं जे होतं ते सगळं मला त्यानेच सांगितलेलं होतं.

मी सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आलं, आई," मी म्हटलं. "सगळं आलं."

त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, माझा हात उलटा केला, तळवा नीट निरखून पाहिला. मग मेथीची जुडी निम्मी करून माझ्यापुढे सरकवली.